हातचा राखून

ससून डॉकवर असो वा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात, लांबच्या ट्रिपला निघणाऱ्या बोटीत चार गोष्टी भरल्या जातात : डिझेल, बर्फ, गोडे पाणी आणि शिधा. पाणी आणि शिधा किती घ्यायचा हे खलाशी किती आणि दिवस किती यावर ठरते. बर्फाचाही ठोकताळा आहे. आपल्याकडच्या उष्ण हवेत किलोभर माशाला किलोभर बर्फ धरतात. डिझेलला असा सरळ ठोकताळा नाही. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटते, जायचे अंतर आणि यायचे अंतर मोजले की झाले. पण त्यात वेग येतो, जाळ्याचा प्रकार येतो, वारा येतो, खाडीच्या तोंडावरचे पाणी येते, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या कप्तानाच्या, मनात उठणारा 'अजून एक दिवस थांबावे का' हा प्रश्न येतो. त्या प्रश्नाचे उत्तर आधीच्या सगळ्या आकडेमोडीवर बोळा फिरवू शकते.

ट्रॉलरच्या एका ट्रिपच्या चालू खर्चात अर्ध्याहून अधिक वाटा डिझेलचा असतो. त्यामुळे डिझेलवरची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा दरावर, अनुदानावर आणि परताव्यावर होते. ती व्हायलाच हवी. पण तेच डिझेल कुठे, कशासाठी आणि कोणाच्या निर्णयाने जळते, यावर मात्र फारसे बोलले जात नाही. या लेखाचा भर त्यावर आहे.

शिडाच्या काळात डिझेलचा प्रश्नच नव्हता, वाट वारा ठरवत होता. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि दुपारनंतर समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे. जाणे-येणे वाऱ्याने बांधलेले, त्यामुळे अंतरही बांधलेले. १९५० नंतरच्या दशकांत सातपाटीसारख्या बंदरांतून यांत्रिक नौका रुळल्या आणि वाऱ्याची ती शिस्त सुटली. पुढे ट्रॉलर आले, बर्फ मुबलक झाला, खण मोठे झाले. जवळच्या पाण्यात मासळी कमी होत गेली तसा एका दिवसाचा धंदा तीन दिवसांचा, मग आठवड्याचा झाला. आज मुंबईचे मोठे ट्रॉलर दहा-पंधरा दिवसही बाहेर राहतात. वाऱ्याने घातलेली मर्यादा गेली आणि तिच्या जागी टाकीची मर्यादा आली.

ही मर्यादा सगळ्या किनाऱ्याला सारखी नाही, याचे कारण समुद्राच्या तळात आहे. मुंबई आणि तिच्या उत्तरेला समुद्रबूड जमीन फार रुंद आहे, दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. तांडेल मासळीचा विचार वावांत, म्हणजे खोलीच्या मापात, करतो : अमुक मासा इतक्या वावांवर. तेवढे वाव गाठायला मालवणच्या बोटीला जेवढे जावे लागते, त्याहून कितीतरी जास्त मुंबईच्या बोटीला जावे लागते. त्यामुळे एका बंदराचा 'इतके डिझेल पुरते' हा अनुभव दुसऱ्या बंदराला तसाच लागू पडत नाही, आणि दोन्हीकडच्या बोटींना सारख्या मापाने मोजणारी कोणतीही योजना एका बाजूवर अन्याय करते.

आता प्रत्यक्ष गणित. डिझेल इंजिन जितकी ताकद खरोखर वापरते, तिच्या दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.२ लिटर डिझेल जाते. इथे 'खरोखर वापरते' हे महत्त्वाचे. इंजिनाच्या पाटीवर १२० लिहिले आहे म्हणून दर तासाला १२० चा खर्च होत नाही. दुसरी गोष्ट वेगाची. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीला वेग वाढवायचा तर लागणारी ताकद त्याच प्रमाणात वाढत नाही, ढोबळ मानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. शिवाय प्रत्येक बोटीला तिच्या लांबीने घातलेली एक वेगमर्यादा असते : पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि १.३४ ने गुणायचे. येते ते नॉटमध्ये. ४० फुटांच्या जलरेषेला हे उत्तर साडेआठच्या आत येते. त्या आकड्याजवळ बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते आणि डिझेल नुसते ओतले जाते.

उदाहरण घेऊ. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, म्हणजे ५७ सागरी मैलांवर, आंग्रे बँक आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेले हे बुडालेले पठार. माथ्यावर साधारण वीस मीटर पाणी. तिथे प्रवाळ आहे, त्यामुळे तळ खरवडणारे जाळे तिथे नेऊ नये हे वेगळे सांगायला नको. आपण गळाची बोट धरू. ती ७ नॉटने चालली आणि तासाला १४ लिटर डिझेल लागले, तर जायला-यायला मिळून सव्वासोळा तास आणि सुमारे २३० लिटर. तीच बोट साडेआठ नॉटने पळवली तर घनाच्या हिशेबाने तासाचा खर्च २५ लिटरवर जातो. दोन्ही वाटा मिळून साडेतेरा तासांच्या आत होतात, पण डिझेल लागते ३३५ लिटर. तीन तास वाचवण्यासाठी शंभरावर लिटर. लिलावाला वेळेत पोहोचून दर चढा मिळणार असेल तर हा सौदा कधी कधी परवडतो. पण जाताना, रिकाम्या बोटीने, कोणताही लिलाव वाट पाहत नसताना हीच घाई होते ती निव्वळ शेजारच्या बोटीच्या पुढे राहण्यासाठी, आणि माझ्या मते किनाऱ्यावरचे सर्वांत अनाठायी डिझेल तेच.

परतीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. वारा आणि लाटा तोंडावर आल्या आणि तासाला तेवढ्याच डिझेलमध्ये वेग ७ वरून ५ नॉटवर आला, तर आठ तासांची वाट साडेअकरा तासांची होते, आणि त्या एका बाजूला ४५ लिटर जास्त जातात. प्रवाहही आहेत. आपल्या किनाऱ्याजवळचा समुद्रप्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. वर खंभातच्या आखाताजवळ भरती-ओहोटीचे प्रवाह इतके जोरकस असतात की पालघरकडच्या बोटीला पाणी उलटे असताना निघणे म्हणजे जागच्या जागी डिझेल जाळणे. हौशी बोटवाल्यांच्या जगात यासाठी एक जुना नियम आहे : एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हातचा. गोव्यात किंवा मुंबईत आउटबोर्ड इंजिनाच्या छोट्या बोटीतून गळ टाकायला जाणाऱ्यांनी तो डोळे मिटून पाळावा. त्यांची टाकी लहान, पेट्रोलचा खर्च वेगाबरोबर भसाभस वाढणारा, आणि वाटेत मदत मिळेलच असे नाही. दहा दिवसांच्या ट्रॉलरला मात्र हा नियम जसाच्या तसा चालत नाही, कारण त्याचे बहुतेक डिझेल वाटेवर जातच नाही.

ते जाते जाळे ओढण्यात. ट्रॉलिंग करताना बोटीचा वेग दोन-तीन नॉटच असतो, पण तळावरून जाळे आणि त्याच्या जड फळ्या ओढण्यासाठी इंजिन भाराखाली तासन्‌तास कुंथत असते. याउलट वाहत्या जाळ्याची बोट जाळे सोडून इंजिन बंद करते आणि पाण्याबरोबर वाहते. तिचे डिझेल जाण्या-येण्यात आणि जागा शोधण्यात. डोल जाळ्याची बोट तर भरती-ओहोटीच्याच जोरावर मासे धरते. पर्ससीनला शोध आणि वेढा या दोन झटक्यांतच ताकद लागते. राज्यात तिला २०१६ पासून ठरावीक महिनेच परवानगी आहे, आणि तिच्या ट्रिपा बहुधा लहान असतात. दिवे लावून मासे गोळा करणाऱ्यांचे जनरेटरचे डिझेल हा वेगळाच राक्षस होता. अशा एलईडी मासेमारीवर २०१७ मध्ये देशाच्या संपूर्ण आर्थिक क्षेत्रात बंदी आली. ती कागदावर किती आणि पाण्यावर किती, यावर किनाऱ्यावर रोज वाद होतो.

म्हणून ट्रॉलरसाठी योजना उलट्या टोकाने करावी लागते. आधी परतीचे डिझेल, वाईट हवा धरून, बाजूला काढायचे. त्यातच वाटेत बंद पडलेल्या जोडीदाराला ओढून आणायचे डिझेल धरायचे. एका गावच्या बोटी सोबतीने जातात ते याचसाठी, आणि दुसरी बोट मागे बांधली की वेग अर्ध्यावर येतो. मग जाण्याचे डिझेल वजा करायचे. उरेल त्याला ओढण्याच्या तासाच्या खर्चाने भागायचे; जे उत्तर येते तेवढे तास आपल्याकडे आहेत. दिवस नव्हे, तास. दिवसांत मोजले की 'अजून एक दिवस' सहज निघतो. तासांत मोजले की दिसते, तो दिवस परतीच्या वाटणीतून चालला आहे. बर्फाचा विचारही इथेच करावा. डिझेल शिल्लक आणि बर्फ पाणी झालेला, अशा बोटीने जास्तीचे थांबून आणलेली मासळी दुसऱ्या प्रतीच्या भावाने जाते.

ही तासांची शिदोरी सर्वांत जास्त खाते ती शोधाशोध. इथे गेल्या दोन-तीन दशकांत खरा बदल झाला आहे. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहाने टिपलेल्या समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानावरून आणि हरितद्रव्यावरून संभाव्य मत्स्यक्षेत्रांच्या सूचना देते : अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीवर. थंड आणि उबदार पाणी जिथे एकमेकांना भिडते तिथे मासळीचे खाद्य जमते, हा त्यामागचा विचार. ढग आले की उपग्रहाला पृष्ठभाग दिसत नाही आणि सूचना येत नाही. शिवाय ती पृष्ठभागाजवळच्या थव्यांसाठी जास्त कामाची. तळाच्या कोळंबीसाठी कमी. तरीही निघण्याआधी दिशा ठरवायला तिच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही. त्याच संस्थेचा लाटा, वारा आणि प्रवाहांचा अंदाज तर माझ्या मते मत्स्यक्षेत्रापेक्षाही उपयोगी. मासळी कुठे आहे याचा अंदाज चुकला तर ट्रिप तोट्यात जाते, हवेचा चुकला तर बोट जाते.

सूचनेच्या जोडीला तांडेलाच्या जीपीएसमध्ये साठवलेले 'पॉइंट' असतात : कुठे खडप आहे, कुठे जुनी बुडालेली बोट आहे, कुठे मागच्या वर्षी या तिथीला घोळ मासळी लागली होती. हे पॉइंट तांडेलाची खासगी दौलत असतात, आणि तो बोट सोडून गेला की त्याच्याबरोबर जातात. नाखव्याने, म्हणजे बोटीच्या मालकाने, निदान मार्गाची नोंद बोटीच्या यंत्रात राहील असे पाहावे. खडपावर जाळे फाटले तर ते सोडवण्यात गेलेले तास डिझेलच्या कोणत्याच हिशेबात दिसत नाहीत.

वाट ठरवताना काही रेषा ओलांडायच्या नसतात. बारा सागरी मैलांपर्यंत त्या त्या राज्याचे नियम चालतात. सिंधुदुर्गाच्या पाण्यात कर्नाटकातल्या जास्त ताकदीच्या ट्रॉलरवरून होणारी भांडणे त्यातूनच येतात. मुंबई हायच्या तेल-फलाटांभोवती ५०० मीटरचा सुरक्षित पट्टा आहे. फलाटांच्या खांबांभोवती मासळी जमते हे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून मोह होतो. उत्तरेला पाकिस्तानची सागरी हद्द. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणाऱ्या पालघर-डहाणूच्या पोरांना त्या हद्दीमुळे कराचीच्या तुरुंगात वर्षे काढावी लागली आहेत, आणि प्रत्येक वेळी हद्द जाणूनबुजून ओलांडलेली नसते. इंजिन बंद पडले किंवा डिझेल संपले की बोट प्रवाहाबरोबर जाते, आणि प्रवाह नकाशा पाहत नाही.

परतीचे शेवटचे दोन मैल ही बऱ्याच बंदरांत सर्वांत महाग वाट असते. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी पाच मीटरपर्यंत चढते-उतरते. दक्षिणेकडे हा फरक निम्म्यावर येतो. सातपाटीसारख्या गाळाने भरलेल्या खाडीत भरी बोट भरतीलाच आत येऊ शकते. ओहोटीला पोहोचले तर बाहेर नांगर टाकून चार-पाच तास थांबायचे, खणात बर्फ विरघळताना बघत. जुनी माणसे तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढत : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मोबाइलवर भरतीचे तक्ते आले तरी हा हिशेब समुद्रात, नेटवर्क नसताना, आजही चालतो. यातून निघणारी गोष्ट साधी आहे. भरतीची वेळ आधी धरावी, तिथून मागे येत निघण्याची वेळ काढावी, आणि वेग त्या वेळेला बसवावा. साडेआठ नॉटने पळत येऊन खाडीच्या तोंडावर थांबणारी बोट पाहिली की मला आंग्रे बँकेच्या उदाहरणातले ते शंभर लिटर आठवतात.

हवेचा भाग. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. त्यानंतरही नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचा भरवसा नसतो. पण लांबच्या ट्रिपला खरा धोका आहे तो पावसाळ्यानंतरच्या चक्रीवादळांचा, कारण तेव्हा सगळ्या बोटी बाहेर असतात. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' कोकणावरून गेले तेव्हा हेच झाले. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी'च्या वेळी केरळ-तमिळनाडूच्या ६८ बोटी ९५२ मच्छीमारांना घेऊन देवगडला पोहोचल्या. घरापासून शेकडो मैल दूर, पण सुखरूप. वादळापासून लांब, अनोळखी बंदराकडे असे वळायचे तर तेवढे डिझेल टाकीत असावे लागते. म्हणून वाटेच्या योजनेत घरच्या बंदराशिवाय निदान दोन आसऱ्याची बंदरे लिहिलेली असावीत. देवगड, विजयदुर्ग, जयगड, दिघी ही नावे कोकणातल्या प्रत्येक तांडेलाला पाठ असतात. प्रश्न असतो तो ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागेवरून तिथवर पुरेल इतके हातात आहे का.

निरोपाचे साधनही याच हिशेबात येते. व्हीएचएफचा आवाका नजरेच्या टप्प्याहून फार पुढे जात नाही, मोबाइल तर किनाऱ्यापासून काही मैलांवर गप्प होतो. उपग्रहामार्फत संदेश देणारे ट्रान्सपाँडर आता बोटींवर बसत आहेत, आणि त्यातून हवेचा इशाराही बोटीपर्यंत पोहोचतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मागे राहणाऱ्या घरच्यांना माहीत असावा, त्याबरोबर वाट आणि परतीचा दिवसही. समुद्रात जाण्याआधी टोकन काढताना दिलेली माहिती सरकारी दप्तरात असते, पण रात्री दोन वाजता फोन घरातून जातो.

टाकीबद्दल थोडे. बंदीच्या दोन महिन्यांत अर्ध्या टाकीत ओल धरते, तळाला पाणी आणि गाळ बसतो. ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असताना तोच गाळ ढवळून फिल्टरमध्ये जातो, आणि इंजिन नेमके लाट अंगावर घेण्याच्या वेळी गुदमरते. ट्रिपआधी टाकीचे पाणी सोडणे आणि दोन जादा फिल्टर ठेवणे याला येणारा खर्च नगण्य आहे. डेकवर बांधलेली जादा पिंपे हा दुसरा धोका. दोनशे लिटरचे भरलेले पिंप पावणेदोनशे किलोंच्या आसपास जाते. अशी पाच-सहा वर चढवली की बोटीचा भार उंच होतो आणि ती डोलताना उशिरा सावरते. पिंपांतले डिझेल सर्वांत आधी टाकीत उतरवावे. बोटीच्या तळाला चिकटलेले शेवाळ-शिंपले आणि वाकलेला पंखा हे तर रोज, न दिसता, डिझेल पितात. बाकी, समुद्रात बोटीवरून बोटीवर विकले जाणारे बेकायदा डिझेल स्वस्त असते हे खरे. ते पकडल्याच्या बातम्याही येतात, आणि त्यात काय मिसळले आहे हे फिल्टरला कळते तेव्हा बंदर लांब असते.

आता पैसा. मूल्यवर्धित कराचा परतावा सहकारी संस्थांमार्फत मिळतो, पण उशिरा. तोवर रक्कम नाखव्याच्या किंवा त्याला उचल देणाऱ्या व्यापाऱ्याच्या खिशातून जाते. दराची लहर कशी असते ते मार्च २०२२ मध्ये दिसले. घाऊक ग्राहकांसाठीचा डिझेलचा दर लिटरला २५ रुपयांनी वाढला. मुंबईत पंपावर ९४ रुपये १४ पैसे आणि घाऊक दर १२२ रुपये ५ पैसे अशी तफावत पडली, आणि मच्छीमार संस्था घाऊक ग्राहकांत मोजल्या गेल्या. तीन हजार लिटर भरणाऱ्या ट्रॉलरला एका ट्रिपमागे ८३ हजारांहून अधिकचा फटका. अशा वेळी पहिली काटछाट होते ती हातच्यावर : 'या खेपेला थोडे कमी भरू.' दर वाढला की बोटी हळू चालाव्यात हे गणित सांगते. प्रत्यक्षात बोटी तितक्याच वेगाने, पण कमी हातचा घेऊन जातात.

याचे मूळ वाट्याच्या पद्धतीत आहे असे मला वाटते. विक्रीतून डिझेल, बर्फ, शिधा वजा करायचा आणि उरलेल्याचे बोट, जाळी आणि माणसे यांच्यात वाटे पाडायचे, ही रीत न्याय्य आहे. खर्च सगळ्यांचा, नफा सगळ्यांचा. पण जिथे भरलेले सगळे डिझेल त्याच ट्रिपच्या नावे टाकतात, तिथे खलाशाच्या दृष्टीने टाकीत परत आलेले तीनशे लिटर म्हणजे त्याच्या वाट्यातून कापले गेलेले आणि त्याला कधीच न मिळणारे पैसे. मग शेवटच्या संध्याकाळी 'एक ओढ अजून' म्हणण्यात त्याचा तोटा काहीच नसतो. परत आल्यावर टाकी मापून जेवढे जळले तेवढेच त्या ट्रिपला लावले आणि उरलेले पुढच्या ट्रिपच्या खात्यात ओढले, तर ही ओढ निम्म्याने ढिली पडेल. त्याला लागते एक खुणा केलेली काठी आणि एक वही. तासाला किती लिटर गेले हेही त्याच वहीत लिहिता येते, आणि पुढच्या वेळी जेटीवर किती भरायचे यावर नाखवा आणि तांडेल यांच्यात होणारा वाद निदान एका खऱ्या आकड्यावरून सुरू होतो.